रुंद स्क्रीनवरच्या बायका

मस्कतमधल्या दार्सैतच्या मैत्री महिला मंडळात संक्रांतीचं वाण म्हणून टेबलावर उभं करायचं कॅलेंडर देत असत. बारा महिने, बारा सभासद. प्रत्येक महिन्यावर एकीचा नऊवारीतला फोटो, खाली तारखा, तारखांमध्ये संकष्ट्या, एकादश्या आणि ओमानच्या सुट्ट्या. ईदच्या सुट्ट्या चंद्र दिसण्यावर, म्हणून त्या फिक्या रंगात. कोणाला कोणता महिना ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. जानेवारी मात्र चिठ्ठीविना अध्यक्षीणबाईंचा, म्हणजे मीराबाईंचा. फेब्रुवारी कोणालाच नको असायचा. दिवस कमी ना त्याचे!

हे कॅलेंडर गेली तीन वर्षं सुरेखा एकटी करत होती. तिला हे शिकवलं कोणीच नव्हतं. मुलगा निशांत बारावीनंतर इंजिनिअरिंगला पुण्याला गेला, त्याचा कंप्युटर घरी राहिला, आणि दुपारी साडेबारा ते चार या वेळात, नवरा ऑफिसात आणि बाहेर उन्हाचा तवा, सुरेखाने एकेक बटण दाबून पाहिलं. चुकलं की कंप्युटर बंद करायचा आणि देवाचं नाव घेऊन परत चालू करायचा, एवढंच तिचं शिक्षण.

पण नाव मात्र झालं होतं. "सुरेखाताईंच्या हातातून गेलं की माणूस पाच किलो उतरतं," असं बायका म्हणायच्या, आणि ते खरंच होतं. कॅलेंडर छापून आलं की सगळ्या शेलाट्या दिसायच्या. मीराबाईंच्या डोंबिवलीच्या बहिणीने तर फोन करून विचारलं होतं, "अगं, मस्कतला काय खाता तुम्ही लोक?" सुरेखा यावर नुसती हसायची. आपल्या नजरेत काहीतरी आहे, ते शिकवून येत नाही, असं तिचं प्रामाणिक मत होतं.

आणि मग एप्रिलमध्ये वल्लरी आली.

वल्लरी बत्तीस वर्षांची, पुण्याची, नवऱ्याच्या नोकरीमुळे आलेली. राहायची तिकडे लांब अल खौदला, पण मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला स्वतः गाडी चालवत दार्सैतला हजर. ओमानचं लायसन्स भल्याभल्यांना चार-चार खेपा घालायला लावतं. हिला पहिल्या फटक्यात मिळालं. केस छोटे, आवाज मऊ, आणि पुरणपोळीसुद्धा येत होती. सुरेखाला हे शेवटचं जास्त झोंबलं. कंप्युटरवाल्या मुलींना पुरणपोळी येऊ नये, एवढा तरी न्याय जगात असावा की नाही? वल्लरी तिला 'ताई' म्हणायची आणि तिच्या नवऱ्याला, चंद्रशेखरला, 'काका'. एवढ्या एका बाबतीत मात्र सुरेखाची तिच्याविषयी तक्रार नव्हती.

नोव्हेंबरच्या बैठकीत मीराबाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि त्या म्हणाल्या, "या वर्षी कॅलेंडर वल्लरी करेल. सुरेखाताईंना जरा आराम."

आराम! सुरेखाने कोणाकडे मागितला होता?

"अगदी," ती म्हणाली. "मीच म्हणणार होते."

"पण तिथ्या तुम्हीच घाला हं ताई," वल्लरी घाईने म्हणाली. "मला संकष्टी कधी ते कळत नाही."

"त्यात काय कळायचंय? चंद्राकडे बघायचं," सुरेखा म्हणाली. सगळ्या हसल्या, वल्लरीही हसली. टोला तिला लागला की नाही, ते काही कळलं नाही. त्याच बैठकीत चिठ्ठ्या निघाल्या. वल्लरीला ऑगस्ट आला आणि सुरेखाला ऑक्टोबर.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वल्लरीने पेन ड्राइव्ह आणून दिला. सुरेखाने तिच्या पाठोपाठ दार लावलं, चष्मा पुसला आणि फाइल उघडली. आणि तिला जे दिसलं त्याने गेल्या आठ महिन्यांत पहिल्यांदा तिचा जीव थंडावला.

सगळ्या बायका सुजलेल्या होत्या!

मीराबाईंचे गाल कानांपर्यंत गेले होते. मार्चवालीची नथ तिच्या तोंडावर चमच्यासारखी आडवी झाली होती. खुद्द वल्लरी, एवढीशी काडी, ऑगस्टमध्ये चांगली चार मुलांची आई दिसत होती. "अगं बाई," सुरेखा स्क्रीनला म्हणाली, "एवढं शिकून तुला हेही दिसत नाही?"

फोटो असे फुगतात हे सुरेखाला तीन वर्षांपासून ठाऊक होतं. निशांतच्या कंप्युटरमध्ये व्हायरस शिरला तेव्हा चंद्रशेखर तो रुवीतल्या एका दुकानात घेऊन गेला होता. त्यांनी सगळं पुसून नवं विंडोज टाकून दिलं. त्याच आठवड्यात त्याच्या ऑफिसने काढून टाकलेला रुंद मॉनिटर घरी आला. जुना चौकोनी गेला, रुंद आला, आणि त्यावर माणसं रुंद दिसू लागली. यात सुरेखाला काहीच वावगं वाटलं नाही. हॉलमध्ये रुंद टीव्ही घेतल्यापासून मराठी मालिकांतल्या सगळ्या सासवा आणि सुना अशाच रुंद झाल्या होत्या, आणि अख्ख्या बिल्डिंगीत कोणी त्याबद्दल हूं की चूं केलं नव्हतं. रुंद काचेवर रुंद माणसं, यात विचारण्यासारखं काय आहे? म्हणून फोटो लावला की ती त्याची कड माउसने धरायची आणि माणूस माणसासारखं दिसेपर्यंत हळूहळू आत ढकलायची. हीच तिची नजर, आणि हेच तिचं गुपित.

आता तिने वल्लरीचे बाराच्या बारा फोटो तसेच आत ढकलले. तासाभराचं काम. तिथ्या घातल्या, ईद फिकी केली. मग वल्लरीला फोन करून सांगायला हवं होतं, पण तिने तो केला नाही. फाइल थेट प्रेसवाल्या कासमभाईंना मेलने पाठवून दिली. 'फायनल आहे, छापा,' असं वर लिहिलं. बटण दाबताना सुरेखाने स्वतःला समजावलं: बायकांच्या तोंडाचा प्रश्न आहे, इथे मानापमान बघत बसायचं नसतं.

मंडळाने सुरेखाची जागा वल्लरीला दिली होती. ती जागा परत हवी, एवढंच सुरेखाच्या मनात होतं. कॅलेंडर हातात आलं की बायका म्हणणार, 'अगदी ताईंसारखं झालंय.' मग ती हळूच सांगणार, 'मला थोडं बघावं लागलं.'

शनिवारी सकाळी दारावरची बेल वाजली. वल्लरी पेन ड्राइव्ह न्यायला आली होती. सुरेखा तो दारातच देऊन तिला वाटेला लावणार, एवढ्यात आतून चंद्रशेखरचा आवाज आला.

"कोण, वल्लरी का? अगं ये ये! हिच्या कंप्युटरचा पडदा हल्ली मधूनच फडफडतो, तो बघ जरा."

"अहो, काही नाही झालेलं त्याला."

"काल तूच थोबाडीत मारल्यासारखं मारत होतीस त्याला."

सत्तावीस वर्षांच्या संसारात हा माणूस बोलायला नको तिथे कधी गप्प बसला नव्हता. वल्लरी चपला काढून आत आली, खुर्चीवर बसली, आणि स्क्रीनकडे बघून तिने मान तिरकी केली.

"ताई, मंडळाचं बोधचिन्ह असं अंड्यासारखं का दिसतंय? ते गोल आहे ना?"

"रुंद स्क्रीन आहे ती."

"पण रुंद स्क्रीनवर गोष्टी रुंद होत नाहीत ताई. जास्त मावतात."

वल्लरीने उजवं बटण दाबलं, मग आणखी काहीतरी, आणि एक यादी उघडली. यादीत एका ओळीशी पिवळं उद्गारचिन्ह होतं.

"हे बघा. ग्राफिक्स कार्ड आहे, पण त्याचा ड्रायव्हरच नाही, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम. विंडोज टाकणाऱ्यांनी तो टाकलाच नाही. म्हणून कंप्युटरला तुमचा मॉनिटर ओळखता येत नाही, तो जुन्या चौकोनी मापाचं चित्र काढतो आणि ताणून ताणून या रुंद काचेवर बसवतो."

"ताणून?"

"आडवं ताणून. उंची तेवढीच, रुंदी सव्वापट म्हणा ना."

"असेल," सुरेखा म्हणाली. "चहा टाकते."

वल्लरीने एक ड्रायव्हर शोधून उतरवला. तो चालला नाही. हा तुमच्या विंडोजचा नव्हे, असं म्हणून कंप्युटरने तोंड फिरवलं. सुरेखाने चहाचे कप ठेवता ठेवता ते पाहिलं. तिला इतकं बरं वाटलं की तिने बशीत दोन बिस्किटं जास्त ठेवली. मग वल्लरीने स्क्रू-ड्रायव्हर मागितला, डब्याची एक बाजू उघडली, तीन वर्षांची धूळ फुंकली आणि कार्डावरचा नंबर मोबाइलच्या उजेडात वाचून घेतला. त्या नंबराचा ड्रायव्हर दीडशे एमबीचा. दार्सैतच्या नेटवर तो उतरायला पाऊण तास.

पाऊण तास दोघी समोरासमोर बसल्या. चंद्रशेखर पेपर घेऊन बाल्कनीत निसटला होता.

"पुण्यात माझ्या हाताखाली चौदा जण होते," वल्लरी बशीकडे बघत म्हणाली. "इथे नवऱ्याच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. सकाळी तो गेला की मी गाडी काढते आणि समुद्रापर्यंत जाऊन परत येते. कॅलेंडरचं काम मिळालं तेव्हा मी घरात एकटीच नाचले, खोटं नाही सांगत."

सुरेखाला हे ऐकायचं नव्हतं. ज्या बाईचा आपल्याला मत्सर वाटतो तिला दुःख असू नये; मग मत्सर करणाऱ्याने कुठे जायचं? तिने विषय बदलला, गुळाच्या पोळीत खसखस घालायची की नाही ते विचारलं. वल्लरी घालत होती. अर्थातच!

ड्रायव्हर उतरला. "आता बंद होऊन सुरू होईल," वल्लरी म्हणाली. स्क्रीन काळी झाली आणि काळीच राहिली. सुरेखा मनात दहापर्यंत मोजत होती. आठवर एक लकाकी आली, आणि मग सगळं उजळलं. स्वच्छ, रेखीव, जसं काही कोणी काच धुवून लावली. अक्षरं एवढीशी झाली.

"अगं, हे सगळं बारीक झालं!"

"बारीक नाही ताई. बरोबर झालं."

स्क्रीनवर मागे कायम लावलेला निशांतचा फोटो होता. हॉस्टेलच्या गच्चीवर उभा, पाठवून सहा महिने झाले असतील. सुरेखा त्याच्याकडे बघत राहिली. गळ्याची हाडं दिसत होती. मनगटावर घड्याळ सैल पडलं होतं. तीन वर्षं ती त्याला मेलमध्ये लिहीत होती: भात कमी कर, बाहेरचं खाऊ नकोस, किती सुटलायस बघ. मे महिन्यात इथे यायचा तेव्हा बारीक दिसायचा, तर तिला वाटायचं, माझ्या हातचं साधं जेवून चार दिवसांत उतरला. पोरगं एकदाही उलटून बोललं नव्हतं. 'हो आई, कमी करतो,' एवढंच उत्तर प्रत्येक वेळी.

"ताई? काय झालं?"

"काही नाही. डोळ्यांना सवय नाही ना."

पण वल्लरीने तोपर्यंत कॅलेंडर उघडलं होतं. मीराबाई जानेवारीत उभ्या होत्या, दोन्ही बाजूंनी दारात चेपल्यासारख्या. मार्चवालीची नथ उभी लटकत होती. वल्लरी एकेक महिना पुढे सरकवत गेली. ऑगस्टमध्ये स्वतःपाशी थांबली. तिथे एक अगरबत्ती नऊवारी नेसली होती.

"माझे फोटो असे नव्हते," ती हळूच म्हणाली.

"नव्हते."

"तुम्ही ढकललेत?"

"मला ते सुजलेले दिसत होते." आणि मग, जे सांगायलाच हवं होतं ते: "कासमभाईंकडे गेलीय फाइल. गुरुवारीच."

वल्लरीने तिच्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर सुरेखाला सोपं गेलं असतं. तिने फक्त मोबाइल पुढे केला. "लावा."

कासमभाई म्हसळ्याचे, रुवीतल्या प्रेसमध्ये वीस वर्षं. मागे मशीन धडधडत होतं. "बाई, पहिली शीट खलास! जानेवारी ते जून. दुसरी शीट आता चढवतोय."

"थांबवा. फोटोत चूक आहे."

"पहिली परत छापायची? तो कागद दुबईवरून येतो. इन्शाल्ला वीस दिवस. तुमची संक्रांत जाईल, बाई." जरा थांबून ते म्हणाले, "दर वर्षीच फोटो असे उभट येतात तुमचे. मला वाटलं, बायकांना तसेच पाहिजे असतील."

सुरेखाने फोनवर हात ठेवला. कासमभाईंनी तीन वर्षं पाहिलं होतं. मंडळातल्या बायकांच्या कौतुकाचं पीठ कोणत्या चक्कीवर दळलं जात होतं, ते म्हसळ्याच्या या माणसाला ठाऊक होतं, एक तिलाच ठाऊक नव्हतं.

"दुसरी शीट तशीच जाऊ दे हवं तर," वल्लरी म्हणाली. आवाज सपाट होता. "सगळ्या बाराजणी सारख्या तरी दिसतील. कोणाला कळणार नाही."

खरं होतं. कोणाला कळलं नसतं. बाराजणी शेलाट्या, बायका खूश, आणि कॅलेंडरच्या पाठीवर छापलेलं नाव वल्लरीचं! 'वल्लरीच्या हातातून गेलं की माणूस पाच किलो उतरतं.' सुरेखाच्या डोळ्यांसमोर ते वाक्य मीराबाईंच्या आवाजात उभं राहिलं, आणि तिच्या अंगाची आग झाली. चूक असली तरी ती तिची होती. ती या मुलीच्या नावावर जाऊ द्यायची?

"नको," ती म्हणाली. "जुलैपासून तुझे खरे टाक. चांगले आहेत."

वल्लरीला ते ऐकून बरं वाटलेलं दिसलं. बिचारीला वाटलं, हा मोठेपणा. आपण स्वतः ऑक्टोबरमध्ये आहोत, हे सुरेखाला फोन ठेवल्यावर आठवलं.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी मीराबाईंच्या हॉलमध्ये हळदीकुंकू झालं. तिळगूळ, हरभरे, उसाचे करवे, आणि प्रत्येकीच्या हातात कॅलेंडर. जूनपर्यंत सगळं छान चाललं. "अगं, मीराबाई बघ कशा दिसतात!" "मार्च तर नव्या नवरीसारखी!" मग पान उलटलं आणि हॉलची हवा बदलली.

"ही मी आहे?" जुलैवाली म्हणाली.

"माझे दंड बघा. माझे दंड असे आहेत का गं?" सप्टेंबर म्हणाली. सगळ्यांनी तिच्या दंडांकडे पाहिलं, आणि ते जास्तच वाईट झालं.

"पहिल्या सहाजणी तेवढ्या मंडळाच्या लाडक्या वाटतं," डिसेंबरवाली मीराबाईंकडे न बघता म्हणाली.

मग सगळ्यांच्या नजरा कॅलेंडरच्या पाठीवरच्या नावाकडे गेल्या, आणि तिथून वल्लरीकडे. ती गुलाबदाणी हातात धरून उभी होती.

"वल्लरी, हे काय केलंस गं?" मीराबाई म्हणाल्या. "अर्धं जमलं आणि अर्ध्यात कंटाळलीस का? सुरेखाताईंची सर नाही बाई तुझ्या हाताला."

सुरेखा तिळगुळाचं ताट घेऊन उभी होती. ते वाक्य तिने सावकाश ऐकलं, खडीसाखरेचा खडा जिभेवर विरघळू द्यावा तसं. बोलायला हवं हे तिला कळत होतं. पण नऊ महिने वाट पाहिली होती, अजून दोन मिनिटांनी काय बिघडतं? तिने ती दोन मिनिटं घेतली. जुलैने टोमणा मारला, तो ऐकला. डिसेंबरने मारला, तोही ऐकला.

मग वल्लरी तिच्या त्या मऊ आवाजात म्हणाली, "सॉरी. माझंच चुकलं. पुढच्या वेळी ताईंकडून नीट शिकून घेईन."

हॉल जरा विरघळला. "जाऊ दे गं, नवीन आहेस," कोणीतरी म्हणालं. मीराबाईंनी तिच्या पाठीवर हातसुद्धा ठेवला.

आणि सुरेखाच्या डोक्यात कळ उठली. लायसन्स हिचं, पुरणपोळी हिची, ड्रायव्हर हिने टाकला, आता मोठेपणाही हिनेच घ्यायचा? दुसऱ्याची चूक पोटात घालणारी बाईसुद्धा हीच?

"तिचं काही चुकलेलं नाही," सुरेखा म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की बाल्कनीतले पुरुष वळून बघायला लागले. "जुलै ते डिसेंबर बरोबर आहे. जानेवारी ते जून चुकलंय, आणि ते मी केलंय. तिला न विचारता."

तिने ताट खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. दुकानाने न टाकलेला ड्रायव्हर, ताणलेलं चित्र, आत ढकललेले फोटो. बायकांना ड्रायव्हर कळला नाही. कळलं ते एवढंच की पाच किलो कधी उतरलेच नव्हते.

"म्हणजे," मीराबाईंनी विचारलं, "मागची तीन वर्षंपण?"

"मागची तीन वर्षंपण."

मीराबाईंनी जानेवारी उघडला. मग जुलै उघडला. मग परत जानेवारी. "मी माझ्या बहिणीला सांगितलं होतं, मी सूर्यनमस्कार घालते," त्या म्हणाल्या.

पहिल्यांदा जुलैवाली हसली. मग सप्टेंबर, मग डिसेंबर. "या मीराबाई, आमच्यात या, इकडे जागा आहे." जानेवारी ते जून मात्र हसल्या नाहीत. त्यांनी कॅलेंडरं पिशव्यांत घातली आणि सुरेखाच्या ताटातला तिळगूळ तिच्याकडे न बघता उचलला. पुढच्या वर्षी कॅलेंडर सुरेखाकडे येणार नाही, हे न ठरवताच ठरलं.

वल्लरी तिला सोडायला निघाली. घर दोन गल्ल्यांवर, चालत पाच मिनिटं, पण सुरेखा गाडीत बसली. वल्लरीने किल्ली फिरवली नाही.

"ताई, तुम्ही थांबलात. मी घड्याळ बघत होते. दोन मिनिटं."

"हो," सुरेखा म्हणाली. खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. "थांबले. मजा आली मला."

"मला वाटलंच. म्हणून मी सॉरी म्हणाले."

"म्हणजे?"

"मी नुसती उभी राहिले असते तर तुम्ही बोलला नसतात. मी चांगली वागले की तुम्हाला राहवत नाही, हे एप्रिलपासून बघतेय मी." तिने सीटबेल्ट ओढला आणि किल्ली फिरवली. "तुमच्या जागी मी असते ना, तर मुळीच बोलले नसते."

सुरेखाने तिच्याकडे वळून पाहिलं. ती आरशात बघून गाडी मागे घेत होती, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, चांगलंच दुष्ट. म्हणजे हेही हिला येतं, सुरेखाच्या मनात आलं. आणि हे मात्र शिकून घ्यायला हवं.

"सरळ घरी नको," ती म्हणाली. "तू रोज जातेस ना, तो समुद्र दाखव."